बिनक्रमांकाचे तोंड

सोमवार, ता. २

या रोजनिशीत मला एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: नियम नीट मांडले, तर एका माणसाचे तोंड दुसऱ्या माणसाच्या नावे नोंदले जाणे अशक्य असते. विधान हास्यास्पद वाटेल, हे मी जाणते. परंतु माझ्या भाचीचा धंदा सध्या त्यावरच टेकलेला आहे. अतएव ते तारीखवार सिद्ध केले पाहिजे.

आज दुपारी पोहोचले. भाची कवळ्या बनवते. खाली तिची कार्यशाळा आणि वर राहण्याच्या दोन खोल्या. त्यांपैकी उजेडाची खोली तिने मला दिली, टेबल खिडकीपाशी सरकवले आणि त्यावर संगणक मांडून ठेवला. मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर माहितीचे तक्ते रचण्याची विद्या शिकले, कारण तर्कशास्त्राचे एवढेच एक अंग उरले आहे, ज्याला अजून पगार मिळतो. भाचीने हे ऐकून मनमुराद हसून घेतले आणि पगाराचा विषय शिताफीने बदलला.

स्वागत मात्र तिच्या धंद्याला साजेसे झाले. माझी जुनी कवळी पाहून तिने कपाळाला हात लावला आणि बॅग उघडण्याआधीच मला खुर्चीत बसवले. "मावशी, तोंड उघड," असे तिने लहान मुलाला सांगावे तसे सांगितले आणि थंडगार गुलाबी लगदा भरलेला ट्रे माझ्या टाळूवर दाबून धरला. घशाशी आले. तोंड हा मनुष्यदेहाचा सर्वांत अप्रतिष्ठित भाग आहे, असे माझे पूर्वीपासूनचे मत आहे. येथे त्याला पुरावे फळीफळीवर मांडून ठेवले आहेत.

माझी एक तक्रार मी तिला सांगून ठेवली. टाळूच्या पुढच्या भागात माझ्या एक वाकडी वळी आहे. विचार करताना जीभ तिच्यावर फिरवायची मला लहानपणापासून खोड. वर्गात मुली म्हणायच्या, बाई टाळू चाटू लागल्या, आता 'अतएव' येणार. कवळी घातली की टाळू झाकतो आणि जिभेला ती वळी सापडत नाही. भाची म्हणाली, त्यात काय, साच्यावरून ती वळी कवळीच्या जिभेकडच्या पृष्ठावर उतरवून देते. मी प्रसन्न झाले.

मंगळवार, ता. ३

आज रोगाचे निदान केले.

भाचीच्या तक्त्यात साच्यांची नोंद रुग्णाच्या नावाने होते. साचा म्हणजे प्लास्टरमध्ये ओतलेली माणसाच्या तोंडाची प्रतिकृती. तिच्यावर कवळी घडते. नाव ही ओळख आहे, असे लोक समजतात. नाव ही केवळ हाक आहे. एका हाकेला दोघे ओ देऊ शकतात. गेल्या महिन्यात नेमके तेच घडले. एकाच नावाचे दोन गृहस्थ, पैकी एक निवृत्त पोस्टमास्तर. दोघांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. पोस्टमास्तरांनी आठवडाभर परक्याची कवळी घालून जेवण केले आणि उलट शिफारसही केली. खरा प्रकार कळल्यावर त्यांची पत्नी पानावरून उठून गेली. दुसऱ्या गृहस्थांना ती परत आलेली, खळग्यांत काहीबाही अडकलेली वस्तू दाखवली, तेव्हा त्यांनी बेसिनपर्यंत जाण्याची तसदीही घेतली नाही.

येथील बहुतेक काम एका रुग्णालयाकडून येते. असे आणखी एकदा घडले तर काम बंद, असे त्यांनी कळवले आहे. काम बंद म्हणजे कार्यशाळा बंद, आणि भाचीला या कार्यशाळेपलीकडे काहीही नाही. ती हे हसत सांगत होती. पण दातांखाली ओठ धरून.

उपाय पुस्तकी आहे. प्रत्येक ओळीला एक प्रायमरी की हवी, म्हणजे अशी एक खूण, जिच्यावरून ती ओळ निःसंशय ओळखावी. ती हा तक्ता आधी रचणाऱ्या माणसाने दिलीही आहे: आपोआप वाढणारा अनुक्रमांक. पण त्याने ओळीला ओळख मिळाली, माणसाला नाही. तेच तोंड पुन्हा नोंदले, तरी अनुक्रमांक नवा पडतो आणि तक्ता मुकाट्याने दोन तोंडे मोजतो. म्हणून वर युनिकचा नियम हवा: रुग्णालयाचा रुग्ण क्रमांक आणि जबडा, वरचा वा खालचा, ही जोडी तक्त्यात दुसऱ्यांदा येता कामा नये.

गुरुवार, ता. ५

नियम लावायला गेले, तर संगणकाने नाकारला. योग्यच केले, आधीच दुबार ओळी भरलेल्या असताना दुबार नको, असे वचन तो कसे देणार? एकेक साचा फळीवरून उतरवून ओळीशी ताडून पाहावा लागला. या कामात पॉलिशकाका मदतीला होते. ते भाचीच्या हाताखाली कवळ्या घडवतात आणि घासून चकचकीत करतात. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. दोन तोंडे समोरासमोर धरून त्यांनी मला शिकवले की टाळूवरच्या वळ्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, एकाच्या दुसऱ्याला नाहीत. मग म्हणाले, बाई, हात धुऊन घ्या, चेहरा फार वाईट केलाय तुम्ही.

संध्याकाळपर्यंत दुबार ओळी निघाल्या, नियम लागला.

एक प्रश्न उरला. माझा स्वतःचा साचा तक्त्यातील पहिली ओळ आहे. दुबार ओळी काढून तक्ता नव्याने भरताना भाचीने हौसेने ती सर्वांत आधी भरली. मलाही क्रमांक द्यावा, असे ती म्हणाली. मी साफ नकार दिला. मी पाहुणी आहे, मावशी आहे; रुग्ण नव्हे. त्या रकान्यात काही लिहू नये. नियमाला रिकाम्या जागेचे वावडे नसते, आणि त्यामागे सुंदर तर्क आहे: रिकामे म्हणजे अज्ञात, आणि एक अज्ञात दुसऱ्या अज्ञाताएवढे आहे, असे कोण म्हणू शकेल? अतएव रिकाम्या ओळी कितीही असोत, त्या दुबार ठरत नाहीत. शिवाय रुग्णालयाकडून कधी क्रमांक उशिरा येतो, तेव्हाही सोय होईल.

भाची म्हणाली, मावशी, मला तर्क नको, तक्रार नको एवढंच. आणि 'अतएव' पुरे, जेवायला चल.

सोमवार, ता. ९

नवी कवळी घातली. उत्तम बसली आहे. जिभेला वळी सापडते.

सकाळी काकांनी एक साचा आणून दाखवला. चिठ्ठी नाही, क्रमांक नाही. वरच्या जबड्याचा. कुणी ठेवला, ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांची तक्रार वेगळीच होती: वाळत नाही. प्लास्टर घट्ट होताना किंचित तापते आणि मग निवते. हा तापलेलाच होता. मी तळहातावर घेतला. अंगाच्या उबेइतका उबदार, आणि टाळूच्या खळग्यात ओल जमलेली. बोट लावले आणि काढले, तर बोट आणि प्लास्टर यांच्यामध्ये एक बारीक तार लांबत गेली.

मी तीनदा साबण लावला. मग नोंद केली: जबडा वरचा, रुग्ण क्रमांक रिकामा. नियमाने हरकत घेतली नाही.

बुधवार, ता. ११

आणखी काही. सगळे वरचे जबडे, सगळे बिनक्रमांकाचे, सगळे ओले. फळीखाली टिपकागद ठेवावा लागतो आहे. कार्यशाळेत एरवी मेणाचा आणि कवळीचे प्लास्टिक कालवायच्या झोंबऱ्या द्रवाचा वास असतो. आता त्यावर दुसरा चढला आहे, सकाळी चूळ भरण्यापूर्वीच्या तोंडाचा. एका साच्याच्या मागच्या खळग्यात मांसाचा तंतू अडकलेला होता. प्लास्टरमध्ये. काकांनी तो चिमट्याने ओढला, तर तो वाजवीपेक्षा लांब निघाला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तरीही प्रत्येकाची नोंद केली. नोंद न करणे हा माझ्या मते गुन्हा आहे. नियम एकदाही अडला नाही. काका म्हणाले, बाई, तुमचा पहारेकरी छान आहे, फक्त नाव सांगणाऱ्यालाच अडवतो.

विनोद तर्कशुद्ध होता.

शुक्रवार, ता. १३

किळस बाजूला ठेवून मी ते सगळे साचे टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेतले. वळ्या एकसारख्या आहेत. तीच वळणे, पुढे तीच एक वाकडी वळी. हे सगळे एकच तोंड आहे. नियमाच्या मते मात्र ते सगळे परस्परांहून भिन्न.

याहून वाईट ते पुढे कळले. साच्याची नोंद झाली की संगणक चिठ्ठी छापतो, आणि चिठ्ठी म्हणजे काकांसाठी कामाचा हुकूम. त्यांनी प्रत्येकाची कवळी बनवली. रुग्णालयाच्या पेटीत त्या गेल्याही. कुणाच्या नावे, असे मी विचारले. क्रमांक नसला तर यादीत ज्याची कवळी यायची राहिली असेल त्याला लावून टाकतात ते लोक, असे काका म्हणाले.

म्हणजे भाचीला ज्याची भीती होती तेच, आणि ते माझ्या हातून. ती रुग्णालयाला फोन करत असताना मी दाराशी उभी होते. फोन ठेवून तिने माझ्या गळ्यात हात टाकले. तक्रार नाही. उलट कौतुक. प्रत्येकाला चपखल बसली, कुणालाही टोचत नाही, असे रुग्णालयाचे म्हणणे.

एक तोंड सर्वांना बसू शकत नाही. हे गृहीतक आहे; ते सिद्ध करावे लागत नाही—

सोमवार, ता. १६

पोस्टमास्तर आले होते. त्यांनाही नव्या कवळ्यांपैकी एक मिळाली आहे. आभार मानायला आले आणि खुर्चीत बसून सलग बोलत राहिले. पूर्वी हे गृहस्थ दर वाक्यात 'च्यायला' म्हणत, असे भाचीकडून ऐकले होते. आज म्हणाले की सर्व कवळ्या पूर्वी टोचत. ही टोचत नाही. अतएव ही कवळी नव्हे. माझ्याकडे पाहून म्हणाले. बोलता बोलता थांबत, गाल किंचित हलवत, जणू आत काहीतरी चाटत, मग 'अतएव'.

भाचीने कवळी साफ करून द्यावी म्हणून काढायला घेतली. निघेना. मला दिवा धरायला सांगितला. हिरडी कवळीच्या कडेवर चढलेली होती, दुधावर साय धरावी तशी. कडेची रेघच उरली नव्हती. गुलाबी प्लास्टिक कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हे दिव्यातही दिसेना. भाचीने बोटाने ओढून पाहिले, तर सगळे एकदम हलले, नाकापर्यंत. ते हसत होते. त्यांच्या तोंडाचा वास मला ओळखीचा वाटला.

मी वर येऊन आडवी झाले. जेवले नाही.

बुधवार, ता. १८

लोक येत आहेत. कुणी कवळी काढून मागत नाही. नुसते दाखवायला येतात, तोंड उघडून. सगळ्यांच्या टाळूवर तीच वाकडी वळी, आता प्लास्टिकची नव्हे, ओली. सगळे मुद्देसूद बोलतात.

भाची आनंदात आहे. एकच माप सगळ्यांना बसतं मावशी, आता गोंधळ व्हायला जागाच कुठे, असे म्हणाली. बिनक्रमांकाच्या ओळींत तिने एकेका रुग्णाचा क्रमांक भरून टाकला, ज्याला कवळी बसली त्याचा. आता सगळं तुझ्या नियमात बसलं, असे मला दाखवून कौतुकाची वाट पाहत राहिली. मला शब्द सुचला नाही. मला! कालपासून शब्द अर्ध्यावर येऊन विरघळतात. चवही नाही. तोंडात घास ठेवला की तो दुसऱ्या कुणाच्या तोंडात ठेवल्यासारखा वाटतो.

शुक्रवार, ता. २०

रिकामी जागाच निषिद्ध करायची, असे ठरवले. हुकूम दिला: रुग्ण क्रमांकाचा रकाना यापुढे रिकामा चालणार नाही. संगणकाने नाकारले: तक्त्यात अजून रिकामी ओळ आहे.

शोधली. एकच निघाली. पहिली.

माझी.

कवळी काढली, आणि उघड्या टाळूवर जीभ फिरवली. डोळ्यांनी स्वतःचा टाळू कधी पाहिलेला नसतो. म्हणून भिंगाखाली ती वाकडी वळी माझीच, हे मला ओळखता आले नाही. जीभ मात्र साठ वर्षे ओळखते. जिभेला सापडली नाही. तेथे सगळे गुळगुळीत आहे. बशीसारखे.

ओळ काढून टाकण्याचा हुकूम दिला. नकार: या ओळीवर इतर ओळी अवलंबून आहेत. पाहिले. प्रत्येक कवळीच्या नोंदीत 'मूळ साचा' या रकान्यात एकच आकडा आहे. एक, एक, एक— हा कुणी भरला, ते भाचीला ठाऊक नाही. काकांनाही नाही. मी भरलेला नाही.

शनिवार, ता. २१

काकांकडून माझ्या तोंडाचा नवा साचा करून घेतला. प्लास्टर उलटे केले तेव्हा त्यांनी तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. कुठेच खळगा नाही. वळी नाही, हिरडीची कड नाही. सपाट. बाई, यात तोंडच नाहीये, असे म्हणाले आणि मग माझ्याकडे न पाहता हात धुऊ लागले.

दुपारी भाचीला हाक मारली. आवाज आला नाही. गालांची आतली कातडी दातांच्या जागेवर सरकत येते आहे, बोटाला चिकटते, उकडलेल्या—

भाचीचा एक दात सकाळी आपोआप पडला. तिने तो मला दाखवला, गंमत म्हणून. संध्याकाळी आणखी दोन. ठणठणीत, पांढरे. रक्त नाही. ती म्हणाली, काळजी नको. फळीवर एक कवळी उरलीच आहे.

कागदावर लिहून तिला दिले: घालू नकोस. तिने वाचले. गाल हलवले.

रविवार, ता. २२

घातली.

चहा आणून दिला आणि म्हणाली: मावशी चहा पीत नाही, चहा न पिणारा आजारी असतो, अतएव— माझ्याच स्वरात. पूर्णविरामासह. माझी भाची, जिला 'अतएव'ची शिसारी होती.

बशीत तिने तिचे स्वतःचे दात ठेवले आहेत.

सोमवार, ता. २३

दुपार. एक मार्ग उरतो. ज्याला मालक नाही, ते सर्वांचे होते. ज्याला मालक आहे, ते एकाचेच. पहिल्या ओळीत क्रमांक भरायचा. मी रुग्ण आहे, असे मान्य करायचे. मग ते तोंड अज्ञात राहणार नाही; आणि भाचीला तिचे—

भरला. स्वीकारला. मग रिकामी जागा निषिद्ध. तोही स्वीकारला. तक्ता आता निर्दोष आहे.

खाली खुर्च्या सरकल्या. रस्त्यावर पावले. खिडकीतून पाहिले. पोस्टमास्तर, आणखी पुष्कळ. एकामागे एक, शिस्तीत. गाल बसलेले. प्रत्येकाच्या तळहातावर ती ओली गुलाबी वस्तू, कडेला हिरडीच्या चिंध्या. आता मालक सापडला. म्हणून परत करायला. सगळ्या. एकाच तोंडात.

जिन्यावर आहेत. वास आला.

विधान सिद्ध झाले नाही. नियमात दोष नव्हता. चूक एकच, आणि ती माझी: मला रुग्ण म्हणवून घ्यायचे नव्हते, म्हणून मी रिकामी जागा चालू दिली आणि त्या अहंकाराला तर्काचे नाव दिले. भाचीचा दोष नाही. तिला कुणी—

दार उघडले. पुढे तीच आहे. हात पुढे केलेला. डोळे तिचेच आहेत, रडणारे. खालचा भाग मात्र शांत. म्हणाली, अतएव, मावशी, तोंड उघड.

वरील कबुली माझी. सही: रुग्ण क्रमांक—